बॅज सांभाळून ठेवा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

उपेंद्र परत येऊन गेला! आठ दिवसांत तिसऱ्यांदा. हातात संत्र्यांची पेटी. आखातातल्या एकोणीस वर्षांत या माणसाने कधी एक लिंबू आणलं नाही, आणि आता पेटी!

कंपनीचा सेफ्टी इन्चार्ज. मूळ नाशिकचा. "वहिनी, टेन्शन घेऊ नका, सगळं होईल, इन्शाल्ला." नाशिकचा माणूस मला इन्शाल्ला म्हणायला लागला की समजायचं, काम होणार नाही.

हे उशीला टेकून त्याच्याशी हसत होते. यांना सगळेच चांगले वाटतात.

निघताना देव्हाऱ्याकडे वळला. मला वाटलं, नमस्कार करतोय. तर गणपतीमागे हात घालून यांचा बॅज काढला आणि खिशात! "कंपनीची प्रॉपर्टी ना वहिनी, जमा करायला लागते." कामावर छातीला लावायचा तो बॅज. अंगावर रेडिएशन किती पडलं ते त्यात उमटतं, दर महिन्याला तो तपासायला जातो आणि नवा मिळतो. शेवटचा तेवढा परत द्यायचा राहिला होता.

पण तो गणपतीमागे असतो हे याला कसं कळलं? मी विचारलं तर हे म्हणाले, "अगं, मीच बोललो असेन कधीतरी."

असेन कधीतरी! मला नाही पटत.

६ फेब्रुवारी

डॉक्टर आज परत तेच म्हणाले – बोन मॅरो रक्तच बनवत नाही. दर पंधरा दिवसांनी रक्त चढवायचं. मिरजेच्या भाऊजींचा मॅरो जुळतोय, पण ते ऑपरेशन आपल्या आवाक्यातलं नाही.

म्हणून सगळं त्या अर्जावर. आजार कामामुळे झाला असं सरकारी कमिटीने लिहून दिलं, तर उपचार कंपनीने करायचे. नाही लिहून दिलं, तर एप्रिलमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतं, व्हिसा संपतो, खलास. चला मिरजेला.

कामामुळे नाही तर कशामुळे? फुजैराच्या तेलाच्या टाक्यांचे, पाइपांचे वेल्डिंगचे जोड. दवाखान्यात माणसाचा एक्स-रे काढतात, हे लोखंडाचा काढायचे. बाकीचे सगळे निघून गेले की यांचं काम सुरू. एकोणीस वर्षं! घरात कुणाला कधी साधा काविळीचा त्रास नाही.

अर्जाची प्रत गणपतीपुढे ठेवलीय. त्याच्यामागे बॅजची चौकोनी जागा तेवढी स्वच्छ आहे. बाकी सगळीकडे अंगारा आणि कुंकू.

७ फेब्रुवारी

संत्री आंबट निघाली. वाटलंच होतं.

१३ फेब्रुवारी

बॅजचं रेकॉर्ड आलं. कंपनीने कमिटीला दिलंय, आपल्या वकील झाराबाईंनी त्याची कॉपी पाठवली.

वाचून डोकंच फिरलं. पहिली दहा वर्षं आकडे वरखाली, कधी बरेच वर. आणि २०१६ च्या शेवटापासून? ०.०९, ०.०९, ०.१०, ०.०९. सपाट! आठ वर्षं! कमिटी म्हणणार, इतक्या कमी रेडिएशनने कुणी आजारी पडत नाही.

कुणीतरी एसीत बसून चहा पीत भरलेले आकडे आहेत हे. कोण ते सांगायला ज्योतिषी नको. संत्रीवाला!

यांना दाखवलं. कागद घडी करून परत दिला. मग म्हणाले, "पाणी दे."

१६ फेब्रुवारी

अस्मी रीम बेटावरच्या तिच्या घरून आली होती. तिला सगळं सांगितलं. म्हणे, "आई, नॉट एव्हरीथिंग इज अ कॉन्स्पिरसी." मी म्हटलं, तुझ्या ऑफिसात नसेल, बापाच्या आहे. मग बाबांचे पाय चेपत बसली. वरून शहाणी, आतून अजून लहान आहे.

२० फेब्रुवारी

सापडला चोर!!

माझ्या वह्या कामाला आल्या. लग्नापासूनच्या सगळ्या बॅगेत आहेत, दर वर्षाची एक. आज २०१८ ची काढली. मामंजींचं ऑपरेशन – २८ जूनला आम्ही तिघं मिरजेला गेलो, १२ ऑगस्टला परतलो. अख्खा जुलै मिरजेत. मी लिहिलंय, पासपोर्टवर शिक्के आहेत.

आणि रेकॉर्डमध्ये जुलै २०१८ ला काय? ०.०९! आधीच्या महिन्याइतकंच, पुढच्या महिन्याइतकंच. मिरजेच्या दवाखान्यात बाकड्यावर बसून यांना रेडिएशन लागलं का? माणूस तिकडे, आकडा इकडे!

अस्मीला फोन केला. "ओके आई. दॅट्स ॲक्च्युअली ह्यूज." बघा! आता नाही म्हणाली कॉन्स्पिरसी.

झाराबाई हिंदी नीट बोलतात. म्हणाल्या, सगळ्या वह्या बघू, कामाची पानं निवडू, त्यांचं अरबी भाषांतर करू. एका पानाचे साठ दिरहम – म्हणजे चौदाशे रुपये! माझ्या वहीतल्या मेथीच्या भावाला एवढी किंमत येईल असं कधी वाटलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी

हे म्हणतात, वह्या देऊ नकोस.

का? "खासगी असतं गं. कशाला लोकांना वाचायला."

सव्वीस वर्षांत यांनी माझ्या वहीची फिकीर केली नाही. आत्ताच कशी आठवली?

२७ फेब्रुवारी

२०१६ ची वही नाही!

बॅग पालथी घातली. २०१५ आहे, २०१७ आहे. मधलीच गायब. नेमकी ज्या वर्षापासून आकडे सपाट झाले तीच! घरात आलं कोण? मी चहा टाकायला आत गेले की हॉलमध्ये कोण असायचं? हे आणि उपेंद्र.

त्याला फोन लावला आणि सरळ विचारलं. "वहिनी, देवाशप्पथ, मी कशाला नेऊ?" देवाची शपथ घेतो! देवामागून बॅज नेताना नाही आठवला देव.

फोन ठेवल्यावर हे म्हणाले, "त्याला का बोललीस?" डोळे भरले होते. कुणासाठी? त्याच्यासाठी?

५ मार्च

रोजे सुरू झालेत, ऑफिसं लवकर बंद होतात. झाराबाई म्हणाल्या, कमिटी ईदनंतर बसेल. तोवर वही शोधा.

हे आणि उपेंद्र फोनवर हळू आवाजात बोलतात. मी गेले की हवापाण्याच्या गप्पा. काल कानावर एवढंच पडलं – "तिला नको कळायला."

काय नको कळायला? यांनी सही करून दिलीय का कंपनीला? विकला गेलाय का माझा नवरा? लिहिताना लाज वाटते, पण वाटतंय ते वाटतंय.

११ मार्च

बदरुद्दीनला गाठलं. बारा वर्षं यांचा हेल्पर होता, आता शारजात ड्रायव्हर आहे. आधी टाळत होता. मी म्हटलं, भाई, तुम्हारा रोजा है, झूठ मत बोलना. तेव्हा इफ्तार झाल्यावर त्याने स्वतः फोन केला.

"भाभी, बैज तो कोई नहीं लगाता था. साब लोग बोलते थे ना – सँभाल के रखो. भाई का तो घर पे रहता था."

मी चिडलेच. माझ्या घरात राहत होता आणि मला माहीत नाही? किती दिले तुला उपेंद्रने, विचारलं. तो म्हणाला, "भाभी, आप भाई से पूछो," आणि फोन ठेवला.

खोटारडा. यांच्या डब्यातली माझी पोळीभाजी बारा वर्षं खाल्ली आणि वर हे!

पण एवढा राग का आला मला? जेवण गेलं नाही.

१४ मार्च

यांना विचारलं नाही. विचारायला हवं होतं. दोनदा तोंड उघडलं, तर हे औषधाची वेळ झाली म्हणाले.

१९ मार्च, बुधवार. सकाळी, हॉस्पिटलात

वही सापडली. यांच्या हॉस्पिटलच्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळलेली! सिस्टरने सॉक्स मागितले म्हणून हात घातला.

म्हणजे चोर उपेंद्र नाही. हेच! महिनाभर मी जगाशी भांडतेय आणि वही यांच्या उशाशी! आत रक्त चढवतायत, म्हणून बाहेर बाकावर बसलेय. नाहीतर आत्ता जाऊन गदागदा हलवून विचारलं असतं – काय दिलं रे त्यांनी तुला? आता वाचतेच, बघू असं काय आहे त्यात.

१९ मार्च, दुपारी

१६ ऑक्टोबर २०१६. माझंच अक्षर:

"मेथी महाग. यांचा बॅज भरत आलाय, वर्षाची मर्यादा संपतेय. अजून दोन महिने असे गेले तर साइट बंद करून घरी पाठवतील. अस्मीची दहावी मार्चमध्ये! उपेंद्रभावजी म्हणाले, 'बॅज सांभाळून ठेवा'. म्हणजे अंगावर घालू नका. हे तयार नव्हते. मी रडले, दोन दिवस बोलले नाही. आज निघताना मीच शर्टाचा काढून घेतला. गणपतीमागे ठेवला. दहावी होऊ दे, मग घाला."

दहावी झाली, तरी 'आता घाला' हे मी कधी म्हटलंच नाही. विसरले. रोज त्याच्या पुढ्यात फूल वाहिलं. माणूस साइटवर आणि बॅज इथे कसा, हे आठ वर्षांत एकदा मनात आलं नाही. सगळ्यांवर संशय घेतला मी. सगळ्यांवर!

आत गेले. हातात वही बघून हे म्हणाले, "तुला वाचायला लागू नये म्हणून गं."

आकडे कुणीही भरलेले नाहीत, खरे आहेत. फक्त यांचे नाहीत. आठ वर्षं त्या कागदावर आमचा देव्हारा मोजलाय.

झाराबाईंना फोन केला. म्हटलं, वही मिळाली. पहिलं भाषांतर याच पानाचं करा, माझ्या नावासकट.