अनुयाचे तेवीस भाग

मी, सुनेत्रा यज्ञेश दिघे, वय ४७, राहणार बेलवली, बदलापूर पश्चिम, हे पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाची जबरदस्ती नाही. सोमवारी शस्त्रक्रिया आहे आणि तोवर जिवाला स्वस्थता नाही, एवढंच.

१. राहता फ्लॅट पती यज्ञेश यांना, त्यांच्यानंतर मुलगी अनुया हिला. ठेवी दोघांना निम्म्या.

२. नणंद विनितावन्सं यांना माझी जांभळी पैठणी. अनुयाबद्दल "एवढी घोडी झाली तरी कार्टून वाचते" हे वाक्य त्यांचं. पण रद्दीवाल्याला हाक मी मारली. म्हणून राग वगळून फक्त साडी देत आहे.

३. अनुयाच्या जपानी कॉमिक्सचे तेवीस भाग मी तिला न विचारता रद्दीत घातले. ती पुण्याला शिकायला गेली. तेव्हापासून फोनवर "जेवले", "ठीक आहे", इतकंच. दोन वर्षांत मी तेच भाग उल्हासनगर कॅम्प ४ मधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एकेक करून जमवले. ते अनुयाला द्यावेत.

पहिला भाग मी आपल्या सवयीने डावीकडून वाचला. मेलेला मुलगा पुढच्या पानावर दप्तर घेऊन शाळेत निघाला. मला वाटलं, पुनर्जन्म असेल. दुकानदार लछमनदासकाका हसले. "बेटी, उलटा पढ रही हो. अपनी सिंधी जैसा है, राइट से चालू करो." मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

४. देण्याआधी ते यज्ञेशने वाचावेत. उजवीकडून. शब्द नसलेल्या चौकटीवर जास्त थांबावं. मी तिथेच घाई करायचे. याच गोष्टीची ॲनिमेशन मालिका आहे, ती मूळ आवाजात बघावी, खाली मजकूर येतो. सुरुवातीला कंटाळा येईल. सोडू नये. मग अनुयाला फोन करून त्यातलं काहीही विचारावं.

५. मसुदा वाचून वकील भावेश म्हणाले, "मॅडम, म्हणजे पुस्तकं मुलीला तुम्ही गेल्यावरच मिळणार. चालेल ना?" मृत्युपत्र म्हणजे तेच, हे मला माहीत होतं. तरी ऐकून पेन खाली ठेवलं.

सबब कलम ३ व ४ रद्द. भाग पिशवीत भरले आहेत. उद्या मी ते घेऊन पुण्याला जाते. अनुयाने दार उघडलं, तर विचारणार आहे: अकराव्या भागातली आई शेवटपर्यंत माफी का मागत नाही? मला ते कळलेलं नाही.

बाकी कलमं कायम.

सही: सुनेत्रा य. दिघे
बदलापूर, शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

आमच्या समोर सही केली:
नूतन भोईर, शेजारी
गुरुदत्त भोईर, शेजारी