अक्काच्या वाडीतली झडप

गणेशगुडी, ता. जोयडा
३ जून २०२५

सौ. देवकी अक्कास,

नागूचा नमस्कार. दाजींनाही सांग, ऐकून घेतील तर. इकडं सगळं ठीक आहे. आई बरी आहे. म्हैस व्याली, पारडी झाली.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या केशरच्याच हाती देतोय. रविवारी पोरीचा साखरपुडा आणि सख्ख्या मामानं घराचा नळ तोडला, असं तू बाजारभर सांगत सुटली आहेस म्हणे. खरं आहे. तोडला. पण का तोडला हे विचारायला एकदा तरी यायचं होतंस. वाडीचा उतार उतरला की आपलं घर, तुला काही बस धरावी लागत नाही.

पंचायतीनं मला पाणी सोडायला ठेवलंय, पण या गावाला पाण्यातलं काही समजावणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. गेल्या वर्षी सुपारीच्या प्रत्येक वाडीच्या नळाला मी ती पितळी झडप बसवली. गावच्या नळातलं पाणी वाडीत जाऊ द्यायचं, वाडीतलं परत नळात येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. लखूनं खंडेनवमीला तिला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, आणि मी तपासायला गेलो तर म्हणतो, "देवाला पाना लावतोस व्हय?" पुतळीकाकीनं तिला दोरी बांधून लुगडी वाळत घातलीत. मी शिव्या घालतो, लुगडी बाजूला करतो, तपासतो आणि पुढं जातो.

तुमच्या वाडीत मात्र पुढं जाता आलं नाही. झडपेच्या अंगाला बारीक तोट्या असतात, त्यांना दाबाचं घड्याळ लावायचं आणि काटा बघायचा. काटा जागेवर थांबला तर झडप धड. तुमचा काटा थांबलाच नाही, सरळ शून्यावर पडला. खोलून बघितलं तर आत पडदे नाहीत, स्प्रिंग नाही, नुसतं पितळेचं टरफल. पावसाआधी सुपारीवर मारायच्या निळ्या मोरचुदाचं पिंप लवकर भरत नाही, म्हणून दाजींनी आतलं सगळं काढून टाकलेलं.

विचारलं तर खुर्चीतून उठलेही नाहीत. "अरं नागू, पानी कवा उलटं जातंय व्हय? पानी खालीच जातंय की! पंचायतीनं येडं केलंय तुला."

खालीच गेलं, अक्का.

मी तपासायला आलो त्याच्या आधीची गोष्ट. दाजी मोरचुदाच्या पिंपात पाइप बुडता ठेवून जेवायला गेले. इकडं मी टाकीची चावी बंद केली, रोज करतो तशी. वरचं पाणी थांबलं, खाली तोटी सोडलेली होती, आणि नळानं तुमच्या पिंपातलं ओढून घेतलं. त्या नळावर तुमच्या खाली एकच घर आहे. कुणाचं, ते तुला सांगायला नको.

वर 'आई बरी आहे' लिहिलं ते तिनं लिहायला लावलं म्हणून. तिच्या डोळ्यांना आता निळं-पांढरं कळत नाही. तांब्याच्या हंड्यात पाणी भरलं, गडूभर प्यायली. तोंडात तांब्याची चव आली तर म्हणते, "हंडा घासलाच न्हाई कुनी." उठून चिंच लावून हंडा घासला, परत भरला, परत प्यायली. मग उलट्या लागल्या त्या थांबेचनात. रामनगरला नेऊन सलाईन लावलं. जीपमध्ये माझा हात धरून एकच धोशा, "देवकीला सांगू नगं. जावयाचं नाव निघंल. पोरीचा साखरपुडा हाय."

मी नाही सांगितलं. बहिणीचं पाणी तोडणारा भाऊ म्हणून गावाचं सगळं ऐकून घेतलं. पण काल केशर विहिरीवर भेटली आणि म्हणाली, "मामा, आप्पा म्हनत्यात, शनवारी नळ आमीच जोडून घेतो." रिकाम्या झडपेवर नळ जोडणार, अजून फवारणी व्हायची आहे, पिंप तिथंच आहे. आता गप्प बसलो तर आईला परत जीपमध्ये घालावं लागेल, आणि या वेळी परत आणता येईल का, कुणास ठाऊक.

दाजींचा मला राग आहेच. तुझा त्याहून जास्त आहे, कारण त्यांनी पाणी ओळखलं नाही, तू भावाला ओळखलं नाहीस. नवे पडदे आणि स्प्रिंग माझ्या पिशवीत आहेत. शनिवारी सकाळी येतो. चहा नको, पाट नको. काटा थांबला की त्याच पावली नळ सोडतो. थांबला नाही तर साखरपुडा विहिरीच्या पाण्यावर होऊ दे, मला वाईट म्हण.

आई अजून पेजेवर आहे. रोज उठली की मला एकच विचारते, "देवकीच्या नळाला पानी आलं काय रं?"

तिला काय सांगू?

तुझा, आणि त्याच नळावरच्या खालच्या घरातला,
नागू