वेळ अमावस्येच्या भोरड्या

लातूर,
२ जानेवारी २०२४

ती. सौ. चतुरावहिनींस,
सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र कसं, असं तुम्हाला वाटेल. पण फोन लावला की हे शेजारीच बसलेले असतात, आणि बोलायचं तर त्यांच्याचबद्दल. दसऱ्याला हृदयाचा झटका आला, दवाखान्यातून सुखरूप घरी आणलं, तेव्हापासून फाटकाबाहेर पाऊल नाही. डॉक्टर म्हणतात, रोज चाला, नाहीतर पुन्हा त्रास होईल. हे म्हणतात, रस्त्यात काही झालं तर? ज्या माणसाने नोकरीत असताना एक रविवार घरी काढला नाही, गळ्यात दुर्बीण अडकवून पाखरांमागे तळी पालथी घातली, तो आता छातीवर हात ठेवून दिवसभर खुर्चीत बसतो. मला झटक्यापेक्षा ह्या बसण्याची भीती वाटते.

परवा दादाने तुमच्या ज्वारीवर भोरड्यांचे थवे उतरल्याचं सांगितलं, तेव्हा मात्र ह्यांनी मान वर केली. वेळ अमावस्येच्या पूजेला शेतात यायला कबूल झाले आहेत. गाडीतून उतरणार नाहीत म्हणे, काच खाली करून पाहतील. एवढं तर एवढं. वहिनी, त्या दिवशी तेवढ्या भोरड्या हाकलू नका. ज्वारी खातील हे मला कळतं, पण माहेरी हक्क दाखवायचा नाही तर कुठे?

दादाला नमस्कार. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
अंबिका


किल्लारी,
६ जानेवारी

चि. सौ. अंबिकास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव कसानुसा झाला. उमाशंकरराव आणि घरात बसून! पहिल्या दिवाळसणाला परसात घुबड ओरडलं म्हणून ओवाळता ओवाळता पाटावरून उठून गेलेला माणूस हा. तेव्हा मी किती चिडले होते, आणि आता वाटतं, उठावं त्यांनी तसंच.

तुझ्या दादाला सांगितलं. ते म्हणाले, न्हाई हाकलत, पण जावयाच्या पाखरांनी जरा बेतानं खावं. त्यांचं मनावर घेऊ नकोस, गोफण त्यांनीच आढ्याला टांगली. मी डबा बडवणार नाही, कुत्रंही बांधून ठेवते. गाडी थेट बांधाला लागेल अशी वाट साफ केली आहे. पालेभाज्या-शेंगांची भज्जी उमाशंकररावांपुरती कमी तेलाची करीन. तू फोटोत लई वाळलेली दिसतेस. त्यांची काळजी करताना स्वतः जेवत जा.

आठवण ठेव आणि लवकर ये.

तुझी,
वहिनी


लातूर,
१३ जानेवारी

ती. सौ. चतुरावहिनींस,
सा. न. वि. वि.

निघताना तुम्ही डोळ्यांत पाणी आणून माफी मागत होतात, ती मी परत पाठवते आहे. गोफण टांगलीत, डबा ठेवून दिलात, कुत्रं बांधलंत, आणि पूजा झाल्यावर आंबील शिंपडत शेताला फेरी घातलीत! दादाने ‘ओलगे ओलगे’ची आरोळी ठोकली आणि मागून आपण सगळे, मीसुद्धा, बेंबीच्या देठापासून ओरडलो. पाखरं उठतील हे एकालाही सुचलं नाही. वेळ अमावस्येला गप्प फेरी घालणारं माणूस आपल्या घराण्यात अजून जन्मायचं आहे. अख्खा थवा उठला आणि पाझर तलावाकडे गेला. ह्यांची काच तेव्हा कुठे अर्धी खाली झाली होती.

तुम्ही कडब्याच्या कोपीत पानं वाढायला वळलात, म्हणून पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. मी धावत गाडीपाशी गेले तर दार उघडं. हे बांधावरून चाललेले, दादाच्या नावाने बडबडत! मी हाक मारली नाही. हाक मारली तर आपण आजारी आहोत हे त्यांना आठवेल, असं वाटलं. मध्येच थांबले, हात छातीवर गेला. तेवढ्यात समोरच्या बाभळीवर थवा उतरला आणि तोच हात दुर्बिणीकडे वळला.

तलावावर भोरड्या तर होत्याच, शिवाय पाण्यात चक्रवाकांची जोडी. मी जवळ गेले तर माझ्यावर डाफरले, पायांचा केवढा आवाज करतेस म्हणून. वहिनी, ते डाफरणं ऐकून मला रडू आलं. तीन महिने माझ्याशी फार नरमाईने बोलत होते हो.

भीती पार गेली असं नाही. काल फाटकापर्यंत जाऊन परत फिरले. आज पुन्हा चपला घातल्या आणि म्हणाले, काही काम असेल तर सांग, उगाच चाललेलं बरं दिसत नाही. मी म्हटलं, पत्र टाकायचं आहे, थांबा. म्हणून हे भराभरा लिहून आवरते आहे. ते दारात उभे आहेत. पोस्टाची पेटी दोन चौक पलीकडे आहे, आणि मी सोबत यायचं नाही असं मला बजावलं आहे.

दादाला नमस्कार, आणि आम्हा दोघांवर लोभ ठेवा.

तुमची,
अंबिका

ता. क. हे तुमच्या हाती पडलं, म्हणजे ते पेटीपर्यंत पोचले.