चिकटपट्टीचा बारा

प्रिय आई,

मी ठणठणीत आहे, नोकरीही बरी चालली आहे. पण शनिवारी माझं डोकं फिरलं.

डेलबर्टच्या खानावळीत तुझ्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघातले सर्वात थोर खेळाडू कोण, यावर नेहमीसारखं भांडण पेटलं होतं. भिंतीवर पाच फोटो आहेत, पाचही पुरुषांचे. मी विचारलं, "आणि माझी आई?"

डेलबर्ट हसला. "पोरी, तिचा नंबर तरी कुणाला ठाऊक आहे का?"

कसा असणार? मुलांना दरवर्षी नवे गणवेश, आणि तुम्हा मुलींच्या सदऱ्यांवर चिकटपट्टीचे आकडे! मध्यंतरापर्यंत ते घामाने गळून पडायचे, मग गुण कुणी मिळवला हे नोंदणाऱ्याला कळायचंच नाही. तू हे हसत सांगायचीस. मला मुळीच हसू येत नाही.

मी शेजारच्या दुकानातून पांढरी चिकटपट्टी आणली आणि फोटोंच्या शेजारी तुझा नंबर, हातभर मोठा बारा, चिकटवला.

डेलबर्ट ओरडला, "अगं, काढताना भिंतीचा रंग निघेल!"

"मग काढूच नका," म्हटलं.

तुझा गुडघा कसा आहे? बाबा मीठ कमी खातात ना?

आज पुन्हा डोकावले. बारा जागच्या जागी होता, आणि त्याच्याखाली दोन म्हातारे, तू डावखुरी होतीस की नव्हतीस, यावरून हमरीतुमरीवर आले होते. म्हणजे तू त्यांना आठवत होतीस, आई! इतकी वर्षं लेकाचे गप्प बसले!

आता तूच ये, आणि त्यांच्यासमोर बसून डाव्या हाताने कॉफी पी.

तुझी, तुझ्यापेक्षा तापट,
मार्लिस