दिवे विकणाऱ्याची सकाळ

३ मार्च
उद्यापासून पहाटे उठणार. पक्कं. कन्येची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा चोवीसला, सकाळी नऊला. ही काय वेळ झाली? तिच्या शाळेतल्या बक्षीस समारंभाला मी पोचलो तेव्हा खुर्च्या गोळा करत होते. ते ती अजून सगळ्यांना सांगते. यावेळी पहिल्या रांगेत बसणार. दिव्यांचं दुकान शून्यातून उभं केलं, एक सकाळ काय जड आहे?

४ मार्च
साडेनऊ. गजर वाजलाच नाही. बायको म्हणते वाजला, तुम्ही त्याला शिवी देऊन बंद केलात. धादांत खोटं.

६ मार्च
कन्येचं संशोधन उंदरांच्या झोपेवर. तिला विचारलं, तुझ्या उंदरांचा मला काही उपयोग? म्हणाली, बाबा, डोळ्यात उजेड गेला की मेंदूतल्या घड्याळाला निरोप जातो. तिथे पेप्टाइड्स नावाचे इवलेसे रेणू असतात. एक निरोप वाढवून सांगतं, दुसरं दाबून टाकतं. माझ्यात दाबणारं जास्त झालंय, लगेच ओळखलं. बायको आतून पुटपुटली, यांच्या डोक्यात निरोप पोचत नाही हे मी लग्नापासून सांगतेय. माझे कान तिखट आहेत हे ती विसरते.
कन्येने मनगटाला पट्टा बांधला. हालचाल मोजतो, त्यावरून झोप-जाग कळते. म्हणाली, सादरीकरणात तुमचा आलेख वापरीन, नाव येणार नाही. येऊ दे की, म्हटलं.

९ मार्च
दुकानातला सगळ्यात दांडगा फ्लडलाइट घरी आणला. जेवणानंतर त्याच्यासमोर बसलो. आता दाब म्हणावं निरोप.
कन्या भडकली. रात्रीच्या सुरुवातीला उजेड दिला की घड्याळ मागे पडतं, पहाटे दिला की पुढे येतं, म्हणाली. सकाळी बसा. अगं, सकाळी बसायला सकाळी उठावं लागतं. एवढं शिकून एवढं कळेना. उजेड तो उजेड. गिऱ्हाइकाने मला कधी वेळ विचारली नाही.

१५ मार्च
साडेदहा. शेजारी विचारतो, घरात शूटिंग आहे का? मूर्ख माणूस. एक दिवा कमी पडतोय. दुसरा आणला.

१९ मार्च
अकरा. दुकानात फोन केला तर मागून नोकराचा आवाज, मालक रात्रपाळीला असतात हल्ली. गिऱ्हाईक खिदळलं. त्याला काढणार. उद्या. उठल्यावर.

२३ मार्च
तिसरा दिवा. डोळे दिपतात म्हणून बायको दुसऱ्या खोलीत. तयारी पूर्ण.

२४ मार्च
बायको हाका मारून मारून पुढे गेली म्हणे. मला एकही ऐकू आली नाही. परीक्षक दोन तास उशिरा आले, तरी मी धावत पोचलो तेव्हा शेवटची स्लाइड. उंदीर संपलेले. पडद्यावर कुणा प्रौढ माणसाचा आलेख. संध्याकाळी प्रखर उजेड, रोज आणखी उशिरा जाग, जिना उतरावा तशी रेघ. परीक्षक हसत होते. डोकंच फिरलं. माझ्या मुलीने असल्या गाढवावर वेळ घालवायचा? बायकोच्या कानात विचारलं, कोण हा महामूर्ख?
ती माझ्या मनगटाकडे बघत राहिली.
पट्टा काढून खिशात टाकला. मागे खुर्च्या गोळा करायला लागले होते.