दुसऱ्याच्या नावावर

आबा, एक कादंबरी वाचली आणि डोकं फिरलंय, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो. उधन्याच्या रद्दीवाल्याकडं मिळाली, मुखपृष्ठ गेलेली. खरं तर मी चप्पल शिवून घ्यायला निघालो होतो, ते राहिलंच. तर त्यात एक कारखानदार आणि एक ट्रकवाला आयुष्याची अदलाबदल करतात. घर, कपडे, नाव, सगळं. आणि दोघंही सुखी! नवी सुरुवात म्हणे. लिहिणाऱ्यानं पांडेसऱ्याच्या गिरणीत एक पाळी भरून दाखवावी.

तुम्ही नव्हती का केली अदलाबदल? पारोळ्याकडचा कुणी कामगार गावी गेला तो परतलाच नाही, आणि कापड रंगवायच्या खात्यात मुकादमानं त्याची जागा तुम्हाला दिली. हजेरी त्याच्या नावावर, हाक त्याच्या नावानं, राबायचं तुम्ही. असे कितीतरी जण होते, कुणाला त्यात वावगं वाटत नसे. अजून दिसतं, मी लहान, डबा घेऊन गिरणीच्या गेटवर उभा आहे. तुमचं नाव सांगतो. वॉचमन म्हणतो, "इस नाम का कोई नहीं, चल हट." मी रडकुंडीला आलेला. मग तुम्ही येता, कोपरापर्यंत निळे हात, आणि डबा घ्यायच्या आधीच खेकसता, "आठे मन्हं नाव काढू नको!" इथं माझं नाव नको म्हणे. शेवभाजी होती त्या दिवशी, निम्मा रस्सा पिशवीत सांडलेला. त्याबद्दल मात्र काही बोलला नाहीत.

पण माझा खरा राग तुमच्या दहाव्याचा आहे. तुमच्या खात्यातली माणसं भेटायला वस्तीत आली होती. आली आणि घर कुणाचं विचारलं? त्या पारोळ्याच्या माणसाचं. गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या काकू बसलेल्या. त्या बिचारीनं खरं ते सांगितलं, "आठे त्या नावना कोनी नही, भाऊ. मरी गया तो दुसरा शे." आणि ती माणसं परत गेली! रोज तुमच्या शेजारी बसून जेवणारी. पुढं त्यातलाच एक चहाच्या लारीवर, हातगाडीपाशी, भेटला तेव्हा कळलं. "आम्हाला वाटलं, पत्ता चुकला," म्हणाला. नाव गेलं, आबा, आणि बाकी काय बदललं? तीच खोली, तेच निळे हात. कसली नवी सुरुवात?

परवा मी काम मागायला मुकादमासमोर उभा होतो. बारडोलीला ऊस तोडून झाला, चलथाणला साखरेची पोती उचलून झाली, कुठंच टिकलो नाही. मायनंच पाठवलं. मुकादम म्हणाला, "एक ओडिशावाला भाग गया है. उसके नाम पे लग जा."

म्हटलं, "माझ्या नावानं घेत असाल तर येतो."

"अरे भाया, नाम खाएगा क्या? पगार तो तेरे ही हाथ में आएगा!" सगळे हसले. मी निघालो.

घरी सांगितलं, आबांचं झालं ते माझं होऊ देणार नाही. एरवी पायाला भिंगरी लागलीय म्हणून शिव्या घालणाऱ्या मायनं नुसता पाठीवरून हात फिरवला.

हे पान काही कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून मायला न सांगितलेलं लिहितो. मी गेटाबाहेर पडलो तेव्हा मुकादम मागून ओरडला होता, "अच्छा चल, तेरे ही नाम से आ जा!"

ऐकू आलं होतं मला. मी चालत राहिलो.