तिसऱ्या टप्प्यातला मंडप

प्रिय भाऊ,

काल फोनवर तू विचारलंस, "उजे, तू बोलंना कावून?" मी रेंजचं निमित्त सांगितलं. रेंज चांगली होती. जे सांगायचं आहे ते फोनवर सांगायची छाती झाली नाही, म्हणून लिहायला बसले. तुझ्या युवराजचं लग्न ऐन हळदीत थांबलं त्याला आज नऊ दिवस झाले. पालीत तुझ्या दारात पोलिसांची गाडी, सगळं गाव गोळा, आणि वहिनी हळदीचं ताट घेऊन तशीच उभी. हे सगळं मी दुसऱ्या दिवशी आल्यावर ऐकलं. तुझ्याशेजारी बसून जेवले आणि एक शब्द बोलले नाही.

त्याआधीचं सांगते. यंदा आमच्या वस्तीशाळेला पाच जुने कॉम्प्युटर मिळाले. सातवीच्या पोरांना मी त्यावर खेळ बनवायला शिकवते. नुसते खेळायला नाही, बनवायला. पडद्यावर रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. बाण दाबला की चित्र पळतं, भिंतीला लागलं की मागं फिरतं. पोरं इतकी रमतात की मधल्या सुट्टीत खिचडी गार होते. एकानं वाळूचे टिप्पर चुकवायचा खेळ केला, दुसऱ्यानं उधळलेली शेळी घरी आणायचा. त्यांच्याकडं बघताना तू आठवायचास. सातवीतच शाळा सोडून तू ऊसतोडीचा कोयता धरलास आणि मला सायकलवर बसवून गेवराईच्या वसतिगृहात सोडलंस. "आता मागं बगायचं न्हाई," एवढंच म्हणालास. माझ्या हातात खडू आहे तो तुझ्यामुळं. हे मी एक दिवसही विसरलेले नाही, आणि म्हणूनच पुढचं लिहिताना हात अडतोय.

वर्गात एक मुलगी आहे, सगळ्यांत हुशार. तिच्या खेळात एक पोरगी दप्तर घेऊन पळते, वाटेतली पुस्तकं उचलते, उसाच्या ट्रॅक्टरवरून उडी मारते. दोन टप्पे मी हसत हसत खेळले. तिसऱ्यात एक मंडप आला. पोरगी आत गेली, दप्तर नाहीसं झालं, अंगावर पिवळी साडी आली आणि बाण चालेनात. चारी बाण दाबून पाहिले. मला वाटलं ठोकळा चुकीचा बसलाय. दुरुस्त करायला गेले तर ती म्हणाली, "बाई, चूक न्हाई ती. तितं गेल्यावर तिला हलताच येत न्हाई." मग, उद्या सुट्टी आहे असं सांगावं तसं सहज म्हणाली, "माजं लगीन हाय गुरुवारी. मंग टोळीसंगं ऊस तोडाया कारखान्याला."

तेरा वर्षांची पोर, भाऊ. मी विचारलं, नवरा कुठला? "पालीचा. युवराज नाव हाय. त्याचे वडील मुकादम हायेत." मी तुझी बहीण आहे हे रोहिणीला ठाऊक नव्हतं. मी खुर्चीवरून उठले आणि परत बसले. सोयरीक इकडचीच, तलवाड्याकडची, एवढंच तू सांगितलं होतंस. कुंकू लावून लग्न पक्कं केलंत तेव्हा मला यायला जमलं नाही, आणि कोणत्या वस्तीवरची मुलगी ते मीही कधी विचारलं नाही.

तरी माझा विश्वास बसेना. शाळेमागं जाऊन तुला फोन लावला. आठवतं? मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पोरगी केवढी रे?" तू श्वासही न घेता म्हणालास, "एकोणीस सरली." रोहिणीच्या खेळानं मला धक्का बसला होता, तुझ्या त्या दोन शब्दांनी पायाखालची जमीनच गेली. मला शिकवण्यासाठी ज्यानं स्वतःची शाळा सोडली, तो माझ्या वर्गातली पोर उठवून उसाच्या फडात उभी करणार होता. नवराबायकोची जोडी झाली की टोळीतला एक कोयता पुरा होतो, एवढाच हिशेब.

रोहिणी सोमवारपासून परत वर्गात येते. अठरा पुरी होईपर्यंत लग्न करणार नाही, अशी तिच्या आईबापानं हमी लिहून दिली आहे.

काल तू म्हणालास, चुगली तिच्या मामानं, म्हाळूनं केली. लग्नाला त्याचाच विरोध होता. त्याला टोळीतून काढलंस, आणि युवराज त्याला बघून घेणार आहे. ते ऐकूनच मी गप्प झाले. म्हाळूनं काही केलेलं नाही. त्या दिवशी शाळेमागं तुझा फोन ठेवला आणि त्याच मिनिटाला मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन लावला तो मी. नाव गुप्त राहील म्हणाले, तरी मी माझं नाव लिहा म्हटलं, आणि तुझा पत्ता मीच सांगितला. म्हाळूला कामावर परत घे, युवराजला आवर, आणि जो राग आहे तो माझ्यावर काढ. भाऊबीजेला मी पालीला येणार आहे. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
उजी